लाल राक्षसी ताऱ्याचा लपलेला जोडीदार क्ष-किरणांत कसा शोधायचा

मीरा या ताऱ्यासारख्या, तेज कमीजास्त होणाऱ्या, उतारवयातल्या लाल राक्षसी (म्हणजे प्रचंड फुगलेल्या) ताऱ्याचा पृष्ठभाग जेमतेम 3000 केल्व्हिनचा. त्याने क्ष-किरण टाकावेत असं काही कारण नसतं, आणि थोडेफार टाकलेच तर त्याच्यातून वाहणाऱ्या वायूचा दाट वारा ते गिळून टाकतो. म्हणून अशा ताऱ्याच्या जागी क्ष-किरण दिसले की संशय जोडीदारावर जातो: वारा ओढून घेणारा श्वेतबटू (मेलेल्या ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा), नाहीतर सूर्यासारखा साधा तारा.

आधी गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीच्या अतिनील नोंदी चाळा. निकट-अतिनील प्रकाश राक्षसी ताऱ्याचा स्वतःचाही असू शकतो. दूर-अतिनीलातही तारा ठळक असेल तरच नाव यादीत घ्या. मग एक्सएमएम-न्यूटन आणि चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणींच्या आर्काइव्हमध्ये त्या जागेचं निरीक्षण शोधा. ताऱ्याची निजगती (त्याचं आकाशात वर्षागणिक सरकणं) धरायला विसरू नका. मीरा वर्षाला सुमारे 0.24 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकते, म्हणजे 25 वर्षांत 6 आर्कसेकंद. एक्सएमएमला हे चालून जातं, जास्त बारीक पाहणाऱ्या चंद्रा दुर्बिणीला नाही. (भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टीआयएफआरने लेस्टर विद्यापीठाच्या साथीने उभारलेल्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीत तर प्रतिमाच दोनेक आर्कमिनिटं पसरते, तिथे शेजारचे स्रोत मिसळलेत का, ते आधी बघावं.)

एक्सएमएमच्या डेटाची सफाई नेहमीचीच. पॅटर्न (एका फोटॉनचा ठसा शेजारच्या पिक्सेलांत कसा पसरला, त्याचा क्रमांक) त्यातल्या पीएन कॅमेऱ्यासाठी 4 पर्यंत, मॉस कॅमेऱ्यांसाठी 12 पर्यंत. पीएनचा 10 ते 12 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेमधला नोंदींचा दर सेकंदाला 0.4 च्या वर गेला की तेवढा वेळ काढून टाका. स्रोताभोवती 20 आर्कसेकंद त्रिज्येचं वर्तुळ घ्या, पार्श्वभूमी त्याच चिपवरून.

बहुतेक जण फसतात ते यापुढे. हे तारे लाल प्रकाशात भयंकर तेजस्वी असतात आणि कॅमेऱ्यातल्या सीसीडी चिपला तोही प्रकाश दिसतो. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन सुटायला सरासरी 3.65 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, त्यामुळे एका फ्रेममध्ये एकाच पिक्सेलवर साध्या प्रकाशाचे 80 च्या आसपास इलेक्ट्रॉन साठले की 0.3 केईव्हीचा खोटा क्ष-किरण तयार! खऱ्या फोटॉनची ऊर्जाही त्यामुळे फुगलेली दिसते. पीएनची पूर्ण फ्रेम 73 मिलिसेकंदांची, मॉसची 2.6 सेकंदांची, म्हणून मॉस लवकर फसतो. मऊ (कमी ऊर्जेचा) स्रोत मॉसमध्ये ठळक आणि पीएनमध्ये जवळजवळ नाहीच, असं दिसलं तर तो लाल प्रकाशच समजा. ‘ईपॅटप्लॉट’ हा आलेख काढून पॅटर्नचं प्रमाण अपेक्षित रेषेवर बसतं का तेही पाहा. नवं निरीक्षण मागत असाल तर जाड फिल्टर मागा आणि वेळ ताऱ्याच्या किमान तेजाच्या आसपासची ठेवा. जाड फिल्टर खरे मऊ क्ष-किरणही खातो, पण खोट्यापेक्षा ते परवडलं.

वर्णपट एक्सस्पेक या संगणक-प्रणालीत शोषण (टीबीएब्स) आणि उष्ण प्लाझ्मा (एपेक) यांच्या प्रारूपांनी जुळवा. फोटॉन शंभरेक असतील तर सी-स्टॅट (थोड्या नोंदींसाठीची जुळणीची कसोटी) वापरा आणि मूलद्रव्यांचं प्रमाण स्थिर ठेवा. थोड्या फोटॉनांत जास्त शोषण आणि कमी तापमान ही जोडी कमी शोषण आणि जास्त तापमान या जोडीइतकीच छान जुळते. तेव्हा एकच उत्तर छापू नका, शोषण आणि तापमान यांच्या कोणकोणत्या जोड्या चालतात ते दाखवणारा विश्वास-आलेख काढा.

जोडीदार कोण, ते तापमानावरून ताडता येतं. सूर्यासारख्या ताऱ्यावर थेट कोसळणारा वायू 0.5 केईव्हीच्या आतच तापतो, 0.6 सौरवस्तुमानाच्या श्वेतबटूवर तोच 20 केईव्हीपर्यंत जातो, श्वेतबटूभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतून आला तर साधारण निम्म्यावर. 5 केईव्हीच्या वर सतत टिकणारं तापमान साध्या ताऱ्याला झेपत नाही. सोबत 6.7 आणि 6.97 केईव्हीला लोखंडाच्या रेषा दिसल्या तर प्लाझ्मा खरंच उष्ण आहे, 6.4 ची रेषा मात्र आसपासच्या थंड वायूची. मधल्या 1-2 केईव्हीच्या पट्ट्यात सावध राहा, कारण तरुणासारख्या वेगाने फिरणाऱ्या साध्या ताऱ्याचा प्रभामंडलही (बाहेरचं उष्ण वातावरण) तेवढा तापतो.

आणि जोडीदार वेगळा दिसतो तिथेही गृहीत धरू नका. मीरा आणि तिचा सोबती यांच्यात जेमतेम अर्ध्या आर्कसेकंदाचं अंतर, म्हणजे चंद्राच्या एका पिक्सेलएवढं. डिसेंबर 2003 मध्ये चंद्राने तिथे क्ष-किरणांचा उद्रेक टिपला. प्रतिमा उप-पिक्सेल पातळीवर सोडवून पाहिली, तर उद्रेक सोबत्याकडून नाही, खुद्द राक्षसी ताऱ्याकडूनच आलेला निघाला.