उजेडाच्या हॉलसाठी प्रोजेक्टर घेताय? या चुका टाळा

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो टाकतो फक्त उजेड. स्क्रीनवर जो काळा म्हणून दिसतो, तो असतो खोलीतला उजेड पडलेली तुमची रिकामी स्क्रीन. दुपारी चार वाजता ती पांढरीफटक दिसत असेल, तर सिनेमातली रात्रही पांढरीफटकच दिसणार. एवढं डोक्यात न घेता लोक ल्युमेन्सचे (म्हणजे प्रोजेक्टर टाकतो त्या एकूण उजेडाचे) आकडे वाचत बसतात आणि मग आम्हाला फोन करतात.

वाकडच्या एका मित्राचं उदाहरण देतो. उंचावरचा फ्लॅट, पश्चिमेला तोंड केलेला हॉल, बाल्कनीला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत्या काचा. यांनी सेलमध्ये ‘9000 ल्युमेन्स’चा प्रोजेक्टर मागवला आणि रविवारी दुपारच्या मॅचला अर्धी सोसायटी बोलावली. पहिल्याच षटकात वहिनींनी भज्यांची ताटली ठेवता ठेवता विचारलं, “भाऊजी, तुम्हाला चेंडू दिसतोय का हो?” मला तर यष्टिरक्षकही दिसत नव्हता. दुसऱ्या डावात ऊन थेट हॉलमध्ये उतरलं, तशी पोरं कोपऱ्यात जाऊन मोबाईलवर मॅच बघायला लागली. साहेबांचा निष्कर्ष काय? “हा परत करतो, याहून दणकट घेतो.”

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात खरा आकडा होता: 500 ॲन्सी ल्युमेन्स, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले. खोक्यावर नुसतं ‘ल्युमेन्स’ किंवा ‘एलईडी ल्युमेन्स’ लिहिलं असेल, तर तो आकडा वाचूच नका. ॲन्सी किंवा आयएसओ 21118 असा उल्लेख असेल तरच पुढे बोलायचं.

पण खरी गोम आकड्यातही नव्हती. फोनमधल्या लक्स मीटरने स्क्रीनजवळचा उजेड मोजला, तर सुमारे 200 लक्स (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन्स). आता हिशेब बघा. 100 इंची स्क्रीन म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर. 500 ल्युमेन्स तिच्यावर पसरले की होतात जेमतेम 180 लक्स. म्हणजे खोलीचे 200 धरून पांढरा रंग 380 आणि काळा 200. दुपटीचाही फरक नाही, मग चेंडू दिसणार कुठून? बरं, 2000 ल्युमेन्सचा आणला असता तर? पांढरा 925, काळा तोच 200. साडेचार पटींच्या थोडा वर. याउलट तोच रद्दड प्रोजेक्टर ठेवून खोलीतला उजेड 20 लक्सवर आणला, तर फरक दहा पट होतो. पडदे स्वस्त पडतात, प्रोजेक्टर महाग, आणि लोक नेमके उलट्या क्रमाने खरेदी करतात.

“घराची अंधारकोठडी करायची का?” असं कुरकुरत त्यांनी शेवटी ब्लॅकआउट पडदे लावले. चित्र झकास वगैरे झालं नाही, पण चेंडू दिसायला लागला. पडद्यांच्या बाबतीत एक हट्ट मी सोडत नाही: दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा फूट पुढे जायला हवी आणि वर पेल्मेट, म्हणजे दांडी झाकणारी पेटी, हवंच. नाहीतर वरच्या फटीतून आलेला उजेड पांढऱ्या छतावर आपटून थेट स्क्रीनवर उतरतो.

माझा ठोकताळा असा: ज्या वेळी बघणार त्याच वेळी उजेड मोजा. मॅचसाठी प्रोजेक्टरचे लक्स खोलीच्या दहा पट, सिनेमासाठी तीस पट तरी हवेत. हे जमत नसेल आणि पडदेही नको असतील, तर सरळ 75 इंची टीव्ही घ्या. याचा राग येणाऱ्यांना तो खुशाल येवो.

दुसरी चूक जरा शिकलेल्या माणसांची. ‘एएलआर स्क्रीन (खोलीतला उजेड टाळून प्रोजेक्टरचाच परतवणारी) घेतली की उजेडाचा प्रश्न मिटला’ असं कुठेतरी ऐकायचं आणि समोर येईल ती मागवायची. कोथरूडमध्ये एकाने छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसाठी अल्ट्रा शॉर्ट थ्रोची, म्हणजे स्क्रीनला अगदी खेटून ठेवायच्या प्रोजेक्टरची, स्क्रीन आणली. या स्क्रीनवर आडव्या, अगदी बारीक करवतीसारख्या धारा असतात. प्रत्येक धारेची खालची बाजू स्क्रीनच्या पायथ्याशी ठेवलेल्या प्रोजेक्टरचा उजेड तुमच्याकडे वळवते, वरची काळी बाजू छताकडून येणारा उजेड गिळते. यांचा प्रोजेक्टर छतालाच! बिचारी स्क्रीन नेमून दिलेलं काम चोख करत होती, घरच्यांना मात्र चित्र मळकट दिसत होतं. छताला प्रोजेक्टर असेल तर त्यासाठीची वेगळी एएलआर मिळते, पण तिला प्रोजेक्टर बहुधा लांब लागतो. स्क्रीनच्या रुंदीच्या दीडपट धरलं, तर 100 इंचाला अकरा फूट. आपल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर मागच्या भिंतीपर्यंत नेल्याशिवाय हे सहसा जमत नाही. शिवाय धारांची स्क्रीन वरचा उजेड अडवते, बाजूच्या खिडकीचा तितकासा नाही. म्हणून खिडकी कुठल्या भिंतीला आहे हे आधी बघायचं.

बाकीच्या चुका पटापट.

120 इंचांचा हट्ट: 100 इंचांपेक्षा क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढतं, म्हणून उजेड सुमारे 30 टक्क्यांनी पातळ होतो. उजेडाच्या खोलीत मी 80-90च्या वर जात नाही.

जास्त गेनची (समोरच्या दिशेलाच जास्त उजेड परतवणारी) स्क्रीन: मधोमध झगझगीत, आणि बाजूच्या दिवाणावर बसलेल्या आजोबांना अंधुक.

टीपॉयवर वाकडा ठेवून ऑटो कीस्टोनने चौकट सरळ करणं: आळशी लोकांचा लाडका शॉर्टकट. त्यात पिक्सेलही जातात आणि उजेडही. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवायची सोय) असलेला घ्या किंवा नीट समोर बसवा.

‘डायनॅमिक’ मोड: उजेड वाढतो, पण माणसं हिरवट दिसतात. दुकानात डेमो बघताना मोड बदलायला लावा.

‘फोर-के सपोर्ट’: म्हणजे फोर-के सिग्नल घेतो, एवढंच. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे तो स्वतः खरे किती पिक्सेल दाखवतो, ते विचारा.

एचडीआरसाठी (उजळ-अंधाऱ्या छटांच्या जादा पल्ल्यासाठी) जादा पैसे: दिवसा वाया. त्यातल्या अंधाऱ्या छटा खिडकीतल्या उजेडापुढे टिकत नाहीत.

आणि फिल्टर. शेजारी बांधकाम चालू नाही अशी सोसायटी पुण्यात शोधून दाखवा. ती धूळ फिल्टरमध्ये बसते, पंखा जोरात ओरडायला लागतो, मशीन तापतं. निघणारी जाळी असेल तर ती महिन्याला साफ करा, आणि नसेल तर आत धूळ शिरल्यावर ते उघडून देणारं कोण, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा.