सत्यता सारणी मांडण्यापूर्वीची तयारी

प आणि फ ही कोणतीही दोन विधाने धरू. ‘जर प तर फ’ हे सत्य आहे आणि प सत्य आहे, म्हणून फ सत्य आहे, हा युक्तिवाद मी एकदा परीक्षेत सत्यता सारणी (विधानांच्या सत्य-असत्यतेच्या सर्व शक्यता दाखवणारा तक्ता) मांडून अवैध ठरवला होता. स्तंभ बरोबर होते, चिन्हेही जागच्या जागी होती. पूर्वांग, म्हणजे ‘जर’नंतरचा भाग, असत्य असलेल्या ओळींत काय लिहायचे, एवढेच मी आधी पक्के केले नव्हते. पुढील यादी त्या चुकीतून तयार झाली आहे.

‘नाही’, ‘आणि’ आणि ‘किंवा’ यांच्या सारण्या येत असतील असे धरतो. ‘किंवा’ची दोन्ही अंगे सत्य असली तरी विधान सत्यच राहते, एवढे लक्षात ठेवावे.

त्यानंतर सोपाधिक, म्हणजे ‘जर–तर’ विधानाचे पूर्वांग कोणते आणि उत्तरांग (‘तर’नंतरचा भाग) कोणते हे ओळखण्याचा सराव करावा, आणि तो मराठी वाक्यांवर करावा, कारण खरे फसवे शब्द तेथेच असतात. ‘संख्या सम असेल तरच तिला ४ ने भाग जातो’ या वाक्यात ‘तरच’च्या आधी आलेला भाग उत्तरांग आहे, वाक्याचा अर्थ ‘४ ने भाग जात असेल तर संख्या सम असते’ असा होतो. ‘९ ही संख्या जरी विषम असली तरी ती मूळ संख्या नाही’ हे वाक्य तर सोपाधिक नाहीच. ‘जरी–तरी’ने दोन्ही गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात, म्हणून तेथे ‘आणि’ची सारणी लागते.

आता मी विसरलो होतो तो मुद्दा. पूर्वांग असत्य असेल तर संपूर्ण सोपाधिक विधान सत्य असते, मग उत्तरांग सत्य असो वा असत्य. हे नुसते पाठ करू नये. पाठ केलेले ऐन वेळी डगमगते, कारण रोजच्या बोलण्यातील ‘तर’ कार्यकारणसंबंध सुचवतो आणि सारणी मात्र फक्त सत्यता मूल्ये पाहते. ‘संख्येला ४ ने भाग जात असेल तर तिला २ ने भाग जातो’ हे विधान प्रत्येक पूर्ण संख्येला लागू आहे, याविषयी कोणाचीच शंका नसते. त्यात ८ घातल्यास दोन्ही अंगे सत्य होतात, ६ घातल्यास पूर्वांग असत्य आणि उत्तरांग सत्य, तर ७ घातल्यास दोन्ही असत्य. विधान तिन्ही वेळा टिकले पाहिजे, म्हणून या तिन्ही ओळींत सत्य येते. पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य अशी संख्या मात्र सापडतच नाही.

तरीही पटत नसेल, तर पूर्वांग असत्य असलेल्या त्या दोन ओळी वेगळ्या भरून पाहाव्यात. दोन्हींत असत्य लिहिले तर ‘आणि’ची सारणी तयार होते, फक्त उत्तरांग सत्य असलेल्या ओळीत असत्य लिहिले तर दोन्ही अंगांची सममूल्यता (दोन्हींचे मूल्य सारखे असेल तेव्हाच सत्य) होते, फक्त दोन्ही अंगे असत्य असलेल्या ओळीत असत्य लिहिले तर निव्वळ फ उरते. ‘जर–तर’साठी दुसरी जागाच शिल्लक नाही. सोपाधिक विधान एकाच प्रसंगी, पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य असताना, असत्य ठरते असे मेगाराचा म्हणून ओळखला जाणारा ग्रीक तर्कज्ञ फिलो याने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मांडले, तेव्हा त्याचे गुरू डायोडोरस यांनाही ते मान्य नव्हते. त्यामुळे आपल्याला ते खटकले तर घाबरू नये, पण खटकते म्हणून सारणी बदलूही नये.

माझ्या त्या उत्तरात काय घडले ते पाहा. संपूर्ण युक्तिवाद ‘जर ((जर प तर फ) आणि प) तर फ’ या एका मुख्य विधानात मांडला होता. ‘(जर प तर फ) आणि प’ हे त्याचे पूर्वांग, आणि ते चारपैकी फक्त पहिल्या, म्हणजे प आणि फ दोन्ही सत्य असलेल्या ओळीत सत्य असते. उरलेल्या तीन ओळींचा निकाल पूर्वांग असत्य असण्यावरच ठरतो. त्या तिन्ही ठिकाणी मी असत्य लिहिले आणि सर्वतः सत्य (प्रत्येक ओळीत सत्य येणारे) विधान हातचे घालवले. पूर्वांग असत्य, म्हणून विधान सत्य: हे कोऱ्या कागदावर, क्रम बदलून, दहा वेळा भरून पाहावे.

ओळींची संख्या आधी मोजावी: दोन घटकविधानांना (प, फ यांसारख्या साध्या विधानांना) ४, तिघांना ८, चौघांना १६. पहिल्या स्तंभात अर्धी सत्ये आणि मग अर्धी असत्ये, पुढच्या प्रत्येक स्तंभात त्याच्या निम्मे गट. हा क्रम कधीही मोडू नये.

‘जर प तर फ’ आणि ‘जर फ नाही तर प नाही’ सममूल्य आहेत. व्यत्यास, म्हणजे ‘जर फ तर प’, सममूल्य नाही. निषेध ‘प आणि फ नाही’ असा होतो, त्यात ‘तर’ उरत नाही. कंस आतून बाहेर सोडवावेत. मुख्य संयोजकाचा (संपूर्ण विधान जोडणाऱ्या ‘आणि’, ‘किंवा’ किंवा ‘जर–तर’चा) स्तंभ अधोरेखित करावा. आणि उत्तर लिहिण्यापूर्वी पूर्वांग असत्य असलेल्या ओळींवर पुन्हा एकदा बोट ठेवून प्रत्येकीत सत्य लिहिले आहे ना, हे तपासावे.