साक्षीचं समन्स आलंय? जायच्या आधी एवढं करून ठेवा

मावशीचं मंगळसूत्र ओढून नेलं होतं, त्या केसमध्ये तिला साक्षीला बोलावलं तेव्हा आदल्या रात्री ती जेवलीच नाही, तिला वाटत होतं की आपण काही चुकीचं बोललो तर आपल्यालाच आत टाकतील. तिला हे आधी कुणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं, म्हणून सगळं लिहितोय.

समन्स आलं की घाबरून ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्यावरचा केस नंबर, कोर्ट आणि तारीख वाचा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. न कळवता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं, त्यामुळे आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आधीच पोचवा. आणि आदल्या दिवशी पोलीस स्टेशनच्या कोर्ट पैरवीवाल्यांना (कोर्टाची कामं बघणाऱ्या पोलिसांना) फोन करून तारीख आहे ना ते विचाराच, ई-कोर्ट्स अ‍ॅपवर १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) टाकला तरी पुढची तारीख दिसते, नाहीतर एसटीने दोन तास जायचं आणि तिथे कळायचं की साहेब रजेवर आहेत.

गुन्ह्याची केस सरकार चालवतं, तुम्हाला वकील लावायची सक्ती नाही. पण साडेदहालाच पोचून सरकारी वकिलांना भेटा आणि पोलिसांना दिलेला आपला जबाब वाचायला मागा, घटना होऊन तीन-चार वर्षं झालेली असतात, माणूस विसरतो. पुढे कुणी विचारलं की आज जबाब वाचला का, तर सरळ हो म्हणायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र 'असंच बोला' म्हणून कुणी पढवत असेल तर अजिबात ऐकू नका. ज्याचं गुन्ह्यात नुकसान झालंय त्याला कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००, महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आता पिंजऱ्यातलं. आधी शपथ, मग सरकारी वकील विचारतात तो सरतपास, मग आरोपीचा वकील विचारतो तो उलटतपास, आणि सगळी भीती या उलटतपासाचीच असते. प्रश्न पूर्ण ऐका, कळला नाही तर 'परत विचारा' म्हणा, उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्या आणि विचारलं तेवढंच सांगा. 'माहीत नाही' आणि 'आठवत नाही' ही पण पूर्ण उत्तरं आहेत, अंदाजाने तारीख, वेळ, अंतर ठोकून देऊ नका, माणूस तिथेच अडकतो. शेवटी वकील म्हणतोच की तुम्ही आरोपीला खोटं गुंतवताय. मावशी इथे रडायला लागली, तिला वाटलं सगळ्यांनी आपल्याला खोटं ठरवलं. पण आरोपीची बाजू मांडताना वकिलाला हे विचारावंच लागतं, शांतपणे 'हे खरं नाही' म्हणायचं, संपलं. प्रश्न मुद्दाम अपमान करणारा असेल तर न्यायाधीश तो थांबवू शकतात, त्यांना सांगायला लाजू नका. तुमची साक्ष तुम्हाला वाचून दाखवतात, ती लक्ष देऊन ऐका, काही चुकलं असेल तर सहीच्या आधीच बोला.

आरोपी समोर असतो, त्याचे नातेवाईक व्हरांड्यात उभे राहून बघत असतात, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. दुसरीकडे बसायची सोय करा म्हणून पैरवीवाल्यांना सांगा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात घाबरलेल्या, असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळे साक्ष कक्ष करायला सांगितलंय, तुमच्या कोर्टात आहे का ते विचारा. बलात्काराच्या केस बंद दाराआड चालतात, आणि पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात) मुलाला साक्ष देताना आरोपी दिसू द्यायचा नसतो, मुलाला सारखंसारखं कोर्टात बोलवायचंही नसतं.

कुणी धमकावलं तर गप्प बसू नका, मेसेज आणि कॉल रेकॉर्ड डिलीट करू नका. खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. शिवाय साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज करता येतो, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर ठरवते आणि धोका किती आहे याचा रिपोर्ट पोलिसांनी पाच कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. कोर्टापर्यंत सोबत पोलीस, घराजवळ गस्त, नाव गुप्त ठेवणं, असं बरंच मागता येतं. अर्ज कसा लिहायचा हे सरकारी वकिलांनाच विचारा.

नुकसानभरपाईचा अर्जही विधी सेवा प्राधिकरणातच होतो, आरोपी सापडला नसला तरी करता येतो, आणि लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ला झालेल्या महिला-मुलांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना वेगळी आहे. आणि हो, साक्ष झाली की लगेच निघू नका, येण्याजाण्याचा भत्ता कोर्ट मंजूर करू शकतं, तिकीट जपून ठेवा आणि क्लार्ककडे मागा, मावशीचं तिकीट बसमध्येच राहिलं होतं.