खरखर नेमकी कसली, ते आधी ऐका

संगणकावर गणिताचे पाठ रेकॉर्ड करायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आवाजात तडतड येऊ लागली. मी माइक बदलला. नवा माइक जोडला, तरी तडतड तशीच. मग तीन दिवस जो दिसेल तो पर्याय बदलत बसले आणि शेवटी कशाने काय झालं हेच कळेनासं झालं. त्या वेळी कुणी जवळ बसून "तडतड केव्हा येते आणि कशी ऐकू येते?" एवढं विचारलं असतं, तर नवा माइक घ्यावा लागला नसता.

नव्याने रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी म्हणूनच आधी सेटिंगला हात लावू नये. ऑडॅसिटीसारखं साधं सॉफ्टवेअर उघडा, बाकी सगळं बंद करा आणि एक मिनिट रेकॉर्ड करा: वीस सेकंद गप्प, वीस सेकंद नेहमीच्या आवाजात, वीस सेकंद जोरात. मग हेडफोन लावून ऐका आणि जिथे खटकतं तिथे वेव्हफॉर्म (पडद्यावर दिसणारा आवाजाच्या लाटांचा आलेख) मोठा करून पाहा. हे पाहायला मी फार उशिरा शिकले. कानाला सारखीच वाटणारी खरखर डोळ्यांना अगदी वेगवेगळी दिसते.

जोरात बोलल्यावरच आवाज फाटत असेल, तर लाटांचे माथे सपाट कापलेले दिसतील. म्हणजे गेन, अर्थात माइकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण, जास्त आहे. डिजिटल आवाजाला 0 डेसिबल ही वरची हद्द असते. त्यापुढचं काही साठवलंच जात नाही आणि नंतर आवाज कमी करून ते परत मिळत नाही. इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते, कारण गेन एका जागी नसतो. ऑडिओ इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) बटणावर असतो, विंडोजच्या इनपुट पातळीत असतो, ओबीएस या रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या स्लायडरमध्ये असतो, शिवाय एखाद्या फिल्टरमध्येही लपलेला असतो. पहिल्या टप्प्यावर आवाज फाटला आणि तुम्ही तिसऱ्या टप्प्यावर तो कमी केलात, तर फाटलेलाच आवाज हळू ऐकू येईल. याची खूण अशी: माथे सपाट आहेत, पण लाट वरच्या रेषेपर्यंत पोचलेलीच नाही. असं दिसलं की ओबीएस सोडा आणि थेट माइकपाशी या. जोरात बोलतानाही सर्वोच्च टोक उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील, एवढाच गेन ठेवा.

बोला किंवा गप्प बसा, मधूनच टक्-टक् खटके येत असतील, तर गोष्ट निराळी. वेव्हफॉर्ममध्ये लाट मध्येच तुटलेली दिसते, जणू कुणी कात्रीने तुकडा काढून टोकं जोडली. बहुतेक वेळा इथे माइक निर्दोष असतो. संगणकाला वेळेत काम उरकत नसतं. 48,000 हर्ट्झवर सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, म्हणजे मोजमापं, येतात. बफर, म्हणजे आलेले नमुने तात्पुरते साठवायचा कप्पा, 128 नमुन्यांचा असेल, तर दर 2.7 मिलिसेकंदांनी संगणकाने एक घास उचललाच पाहिजे. एकदा जरी उशीर झाला, तरी खटका ऐकू येतो. बफर 512 केला की ही मुदत 10.7 मिलिसेकंदांवर जाते. त्यामुळे हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येईल, पण फक्त बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर त्याने काही बिघडत नाही. गाणाऱ्यांना मात्र तो उशीर जाचतो.

बफर वाढवूनही खटके राहिले, तर अनेकदा एखादा ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) प्रोसेसर अडवून धरत असतो. विंडोजवर लेटन्सीमॉन हे असा उशीर तपासणारं सॉफ्टवेअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते नावासकट दिसतं. वाय-फायचा ड्रायव्हर दोषी वाटला, तर वाय-फाय बंद करून पुन्हा तेच एक मिनिट रेकॉर्ड करा. लॅपटॉप असेल, तर वीज वाचवणारा मोडही काढून पाहा.

माझ्या बाबतीत उत्तर याहून साधं निघालं. ऑडॅसिटीत आवाज स्वच्छ, ओबीएसमध्ये तडतड. मग ओबीएसमधून वेबकॅम काढला, आणि तडतड गायब! माइक आणि वेबकॅम एकाच यूएसबी हबवर होते आणि कॅमेऱ्याचं चित्र सुरू झालं की माइकची वाट अडत होती. माइक थेट संगणकाच्या पोर्टात लावला, तेव्हापासून तो तिथेच आहे. जुना माइकही तसाच लावून पाहिला. तोही स्वच्छ चालला, तेव्हा मात्र फार वाईट वाटलं.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो दर, जुळवून घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. विंडोजमध्ये माइकच्या प्रगत गुणधर्मांत 44,100 आणि ओबीएसमध्ये 48,000 असेल, तर दोन्हीकडे 48,000 करा. दर वेगळे असले की तडतड होतेच असं नाही, पण एक शंका कायमची मिटते. वायर हलवल्यावरच खर्र होत असेल, तर दुसरी वायर लावून पाहा, बाकी काही शोधू नका. सलग घुमणारी गुणगुण असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. गेली, तर दोष विजेच्या वाटेने येतोय.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. माझ्या वहीत आजही प्रत्येक नोंदीपुढे तेच एक मिनिटाचं रेकॉर्डिंग कोणत्या फाइलमध्ये आहे ते लिहिलेलं असतं.

थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी आणखी एक: स्ट्रीम चालू असतानाच ओबीएसमधून संगणकावरही रेकॉर्डिंग करत राहा. प्रेक्षक आवाज तुटतोय म्हणाले आणि तुमच्याकडची फाइल स्वच्छ निघाली, तर माइकला हात लावू नका. ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम पाहा. तो आकडा वाढत असेल, तर बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते प्रमाण) कमी करा किंवा वाय-फायऐवजी केबल लावा.