हायब्रिडची छोटी बॅटरी उतरू द्यायची नसेल तर आधी 'रेडी' बघा

हायब्रिड घेतली की सगळे मोठ्या बॅटरीचंच विचारतात, किती वर्षं टिकते, बदलायला किती खर्च वगैरे, पण गाडी जागेवर बसवते ती छोटी १२ व्होल्टची. लॉक, डिस्प्ले, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिलेसुद्धा तीच ओढते, त्यामुळे ही उतरली की मोठी कितीही भरलेली असो, काही उपयोग नाही. धक्का मारूनही सुरू होत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तीन आठवडे बाहेरगावी होते, बाबांना सांगून गेले की अधूनमधून गाडी चालू करत जा. ते बिचारे रोज संध्याकाळी खाली जायचे, बटण दाबायचे, रेडिओ लावून पंधरा-वीस मिनिटं बसायचे. इंजिनचा आवाज नाही, पण हायब्रिड आहे म्हणजे नसणारच, असं त्यांना वाटलं. मी आले तर दरवाजा उघडेना, छोट्या चावीने उघडला आणि बटण दाबलं तर डिस्प्ले मिणमिणला आणि आतून नुसतं टकटक टकटक. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं होतं हो त्यांनी रोज, म्हणजे बॅटरी भरण्याऐवजी रोज थोडी थोडी उतरत होती.

तर मुख्य गोष्ट ही. हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटाराची स्ट्राँग हायब्रिड, अशा गाड्यांत इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा नेहमीचा अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर छोटीला चार्ज करतो आणि ते फक्त गाडी 'रेडी' असताना. ब्रेक दाबून बटण दाबायचं, मीटरवर रेडी दिसलं पाहिजे, मग इंजिन बंद असलं तरी चार्जिंग चालू आहे. मधेच इंजिन आपोआप सुरू होईल, बंद होईल, होऊ द्या. गियर पी (पार्क) मध्येच ठेवा, एन (न्यूट्रल) मध्ये नको, कारण एन मध्ये इंजिन मोठी बॅटरी भरत नाही. लाइट, म्युझिक, एसी बंद, आणि निदान तासभर, दहा मिनिटांत लेड-ॲसिड बॅटरीत फारसं काही जात नाही. आणि हे उघड्यावरच करा, बंद गॅरेज किंवा बेसमेंटमध्ये अजिबात नाही, इंजिन लागलं की विषारी धूर साठतो. खरं तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवून आणणं सगळ्यात बेस्ट. (स्मार्ट हायब्रिड म्हणून ज्या माइल्ड गाड्या येतात त्यांचं वेगळं, तिथे इंजिन चालू असायलाच हवं.)

गाडी नुसती उभी असली तरी अलार्म, स्मार्ट की वगैरे थोडा करंट खातात. समजा ३० मिलिअँप, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, महिन्याला जवळपास २२, आणि बॅटरी ४५ची असेल तर निम्मी गेली. डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर आणखी लवकर, तो काढूनच ठेवा, आणि चावी गाडीजवळच्या भिंतीवर टांगू नका.

एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर मस्त, १२.४ वर आली तर चार्ज करा, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली वारंवार जात असेल तर बॅटरी बदलायचं बघा. रेडीमध्ये १४ च्या आसपास दिसलं म्हणजे कन्व्हर्टर नीट चालतोय. चार्जर घ्यायचा तर एजीएम (सीलबंद प्रकारची लेड-ॲसिड बॅटरी) मोडवाला स्मार्ट चार्जर घ्या, कारण बऱ्याच हायब्रिडमध्ये एजीएम बॅटरी असते आणि जास्त व्होल्टेजने ती खराब होते. मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलना मात्र हात लावायचा नाही.

उतरलीच तर घाबरू नका, इंजिन फिरवायचं काम हिच्याकडे नसतं म्हणून छोट्या जंप पॅकवरही (गाडी सुरू करून देणारी पोर्टेबल बॅटरी) भागतं. लाल क्लिप प्लसला, काळी गाडीच्या रंग नसलेल्या उघड्या धातूला, मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. दुसऱ्याची गाडी मात्र आपल्या हायब्रिडवरून जंप करून देऊ नका, शेजारी रागावले तरी चालेल.

महिना-दोन महिने बाहेर जाणार असाल तर १० नंबरच्या पान्याने मायनस टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ आणि काचांचं सेटिंग परत करावं लागेल, आणि बॅटरी डिकीत असेल तर डिकी लावण्याआधी विचार करा, करंट नसला की ती बटणाने उघडत नाही. रिमोटच्या आतली छोटी चावी घरी काढून एकदा दरवाजाला लावून बघा, आमची पहिल्यांदा फिरायलाच तयार नव्हती.