लगेच न आवडणारा अल्बम कसा ऐकावा

तिसरं गाणं सुरू झालंय, मुखड्याचा पत्ता नाही, मागे कुणीतरी फर्निचर सरकवतंय असा आवाज येतोय आणि आपला अंगठा ‘पुढचं गाणं’च्या बटणाकडे निघालाय. प्रायोगिक इंडी पॉप, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या चाकोरीबाहेरचं, प्रयोग करणारं पॉप, ऐकायला बसलेल्या प्रत्येकावर ही वेळ येते. नेहमीच्या पॉपने कानाला शिस्त लावलेली असते: मिनिटभरात मुखडा यावा, तो दोन-तीनदा परतावा, तीन-चार मिनिटांत गाणं आटपावं. हे अल्बम गोड सूर ठेवतात आणि बाकीचा हिशेब मोडतात. त्यामुळे अशा अल्बमसाठी आधी कान तयार करावा लागतो. मी त्याला दोन आठवड्यांत पाच बैठका देतो. त्या अशा.

आधी सेटिंग तपासा

गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल बंद करा. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोय असेल तर तीही बंद करा. टॉक टॉक या ब्रिटिश बँडच्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’ (1988) या अल्बमची पहिली तीन गाणी सलग, एकमेकांत वाहत जातात. शफलवर ऐकलीत तर तो सांधाच तुटतो. अशा अल्बमांत शांतता मोठ्या आवाजाइतकीच मोलाची असते, म्हणून सगळ्या गाण्यांचा आवाज एकाच पातळीवर आणणारी सोयही बंद ठेवलेली बरी. मग पाऊण-एक तास मोकळा काढा.

पहिली बैठक: मत बनवू नका

समीक्षा वाचू नका, गाण्यांचे शब्द उघडू नका. कंटाळा आला तर येऊ द्या, लक्ष भरकटलं तरी चालेल. संपल्यावर एकच जागा कागदावर लिहा, जिथे कान टवकारले गेले ती. ‘चौथं गाणं, अडीचाव्या मिनिटाला सगळं थांबतं’ एवढं पुरे. ती जागा आवडलीच पाहिजे असं नाही. खटकलेली असली तर जास्त चांगलं.

मग एक-दोन दिवस तो अल्बम लावू नका.

दुसरी बैठक: एकच धागा धरा

माझ्या मते खरं काम इथे होतं. सगळं एकदम ऐकायला गेलं की हाती काही लागत नाही. म्हणून पूर्ण अल्बमभर फक्त बास, म्हणजे तळाशी वाजणारे जाड सूर, ऐका, किंवा फक्त ठेका. गोंगाट वाटणाऱ्या गाण्यातही बास बहुधा शहाण्यासारखा सुरांची एक आकृती पुन्हा पुन्हा वाजवत असतो, आणि ती सापडली की वरचा पसारा जागच्या जागी बसू लागतो. ठेका चुकतोय असं वाटलं तर बोटावर मात्रा मोजा. चारऐवजी पाच किंवा सात निघाल्या, तर अडखळण्याचं कारण कळलं.

या बैठकीला हेडफोन हवेत, महागडेच हवेत असं नाही. आइसलँडची गायिका ब्योर्क हिच्या ‘व्हेस्परटीन’ (2001) मध्ये पत्ते पिसण्यासारख्या घरगुती आवाजांतून बारीक ठेके रचले आहेत. मोबाइलच्या स्पीकरवर ते नुसती खरखर वाटू शकतात.

तिसरी बैठक: आता शब्द

शब्द समोर ठेवून ऐका. अमेरिकी गायिका जोआना न्यूसम हिच्या ‘ईस’ (2006) मध्ये गाणी पाचच आहेत; सर्वांत छोटं सात मिनिटांहून मोठं, सर्वांत लांब सतरा मिनिटांच्या आसपास. तिथे कथेचा धागा हातात नसेल तर ऐकणारा वाटेतच हरवतो. काही अल्बमांत मात्र आवाज इतका वाकवलेला असतो की शब्द म्हणजे आणखी एक वाद्य. तसं दिसलं तर कागद बाजूला ठेवा.

चौथी बैठक: अर्धं लक्ष

चालताना किंवा भांडी घासताना लावा. पुढचा सूर यायच्या आधीच तुम्ही तो गुणगुणताय का, एवढंच पाहा.

पाचवी बैठक: सवय की आवड?

इथे एक सापळा आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली दाखवून दिलं, की अनोळखी शब्द किंवा चेहरे नुसते पुन्हा पुन्हा दिसले तरी ते अधिक आवडू लागतात. म्हणजे पाच वेळा ऐकल्यावर टुकार अल्बमही बरा वाटू शकतो! संयम ठेवा म्हणणारे भक्त हे सांगत नाहीत.

फरक ओळखायची माझी रीत साधी आहे. पाचव्या वेळी आधी न ऐकलेलं काही सापडलं का? डाव्या कानातली कुजबुज, पहिल्या गाण्यातली धून शेवटच्या गाण्यात वेष बदलून आलेली, असं काहीही. सापडलं तर अल्बममध्ये अजून माल आहे. नुसतं ओळखीचं आणि सुखकर वाटलं, तर ती सवय असण्याचीच शक्यता जास्त. आणि दोन्ही नसेल तर खुशाल सोडून द्या. गुंतागुंतीचे सगळेच अल्बम खोल नसतात. काही नुसतेच विस्कटलेले असतात, आणि ते न आवडणं हा कानाचा दोष नव्हे.

सोडण्यापूर्वी मात्र तो पहिल्या दिवसाचा कागद काढा आणि तेवढीच जागा लावा. चौथं गाणं, अडीचावं मिनिट. अजूनही खटकतेय? मग कागद फेकू नका, दोन महिन्यांनी पुन्हा तिथूनच सुरुवात करा.