मुक्कामी ट्रेकसाठी मोठी सॅक घ्यायचीय? आधी पाठ मोजा

मोठी सॅक घ्यायची म्हटलं की सगळे एकच विचारतात, किती लिटरची घेऊ? मी पण तेच विचारलं होतं. मित्राकडे ७० लिटरची होती, आमची उंची अगदी सारखी, म्हणून डोळे झाकून तीच घेतली आणि पहिल्याच ट्रेकला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खांद्यांवर लाल वळ उठले, बोटांना मुंग्या यायला लागल्या. सॅकमध्ये काही खोट नव्हती. उंची सारखी असली तरी त्याची पाठ लांब आहे आणि माझे पाय लांब आहेत, त्यामुळे कमरेचा बेल्ट माझ्या कमरेवर बसतच नव्हता, पार खाली घसरायचा आणि सगळं ओझं खांद्यांवर यायचं.

तर सॅकचं माप म्हणजे तुमच्या पाठीचं माप, उंचीचं नाही. मोजायला फक्त शिवणकामाचा टेप आणि एक दुसरं माणूस लागतं. मान पुढे झुकवा, मानेच्या बुडाशी एक हाड टचकन वर आलेलं हाताला लागेल, तो मानेचा सातवा मणका, तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागच्या बाजूला, आणि बाजूने चाचपत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा मनात धरा, ती पाठीच्या कण्याला जिथे मिळते तिथे शेवट. आता सरळ उभे राहा आणि दुसऱ्याला टेप पाठीच्या वळणावरून धरायला सांगा. मोठ्या माणसांचं माप साधारण ३८ ते ५३ सेंटीमीटरच्या मध्ये कुठेतरी येतं. हा आकडा घेऊन मग त्या त्या कंपनीचा साइझ चार्ट बघायचा, कारण एका कंपनीचा मिडियम दुसऱ्या कंपनीच्या मिडियमएवढा असेलच असं नाही. पाठीची लांबी कमीजास्त करता येणाऱ्या सॅक पण मिळतात, माप दोन साइझच्या मध्ये येत असेल किंवा घरातले दोघंतिघं एकच सॅक वापरणार असतील तर त्याच घ्या.

आता बेल्ट. मोठ्या सॅकचा जीव कमरेच्या बेल्टमध्ये असतो. डिक केल्टी नावाच्या अमेरिकन माणसाने १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या फ्रेमला कमरेचा पट्टा जोडून सॅक विकायला सुरुवात केली आणि ओझं खांद्यावरून कमरेवर आणायचा हा प्रकार पुढे सगळीकडे रूढ झाला. बेल्ट नीट बसला की बहुतेक वजन कमरेची हाडं आणि पाय घेतात, खांदे फक्त सॅक पाठीला धरून ठेवतात. पण बेल्ट पोटावर नाही बांधायचा, त्याच्या पॅडिंगचा मधला भाग बरोबर कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा. आवळल्यावर पुढे बक्कलच्या दोन्ही बाजूंची पॅडिंग एकमेकांना टेकत असेल तर बेल्ट तुम्हाला मोठा आहे, आणि अजून आवळायला जागाच उरलेली नसेल तर सॅक सोडून द्या, कारण दोनतीन दिवसांच्या चालण्यात कपडे घामाने, धुळीने जागचे हलतात आणि बेल्ट पुन्हा पुन्हा आवळावा लागतो.

लिटरचं काय, तर एका रात्रीसाठी ४० ते ५०, दोनतीन रात्रींसाठी ५० ते ६५, त्याच्यापुढे किंवा कडक थंडीत ७० वगैरे. पण खरं सांगू, सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी स्लीपिंग बॅग, टेंट, मॅट, स्टोव्ह काय काय नेणार ते जमवा, जमिनीवर एकत्र मांडा आणि मग ठरवा. स्लीपिंग बॅग दाबून केवढी होते यावरच दहा-दहा लिटरचा फरक पडतो. आणि मोठी घेतलेली बरी म्हणून ८० लिटरची उचलू नका, जागा दिसली की आपण भरतोच, 'असू दे, लागलं तर' असं म्हणत जे जे कोंबतो ते सगळं दोन दिवस पाठीवरून नेऊन तसंच परत आणतो. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ठेवायची असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ किलो. त्यात पाणी पण धरायचं बरं का, तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो तिथेच गेले, आणि रिकाम्या सॅकचंच वजन दीडदोन किलो असतं, ते लेबलवर बघून घ्या.

पाठीला जाळी असलेल्या सॅक हल्ली खूप दिसतात, फ्रेमवर जाळी ताणलेली असते आणि पाठ व सॅकच्या मध्ये हवा खेळते. उन्हात बरं वाटतं, घाम लवकर सुकतो, पण त्या फटीमुळे ओझं पाठीपासून लांब जातं आणि मागे ओढल्यासारखं होतं. हलक्या सामानाला चालेल. १२-१५ किलो नेणार असाल, वाट घसरडी किंवा कातळाची असेल तर मी पाठीला चिकटून बसणारीच घेईन, घाम परवडला पण तोल जायला नको. आतमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा कडक शीट असलेली फ्रेम हवीच, बिनफ्रेमच्या सॅक अगदी कमी सामानात चालणाऱ्यांसाठी ठीक.

बायकांसाठीच्या सॅकचा फरक फक्त रंगाचा असतो असं समजू नका. खांद्याचे पट्टे जास्त वळणदार आणि जवळजवळ असतात, पाठ आखूड, बेल्टचा कोन वेगळा. अर्थात ज्याला जी बसेल ती, अरुंद खांद्यांच्या पुरुषाला तीच बरी बसली तर त्याने तीच घ्यावी.

कापडावर २१०डी, ४२०डी असं लिहिलेलं असतं, तो डेनियर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. सगळीकडे जाड कापड नको, उगाच वजन वाढतं, बुडाला जाड असलं म्हणजे झालं कारण सॅक दगडावर टेकते ती बुडावरच. पावसाचं म्हणाल तर सोबत रेनकव्हर आलं म्हणून निर्धास्त राहू नका. पाठीच्या बाजूने सॅक उघडीच असते, तिथून पाणी झिरपतं, आणि जोरदार वाऱ्यात कव्हर उडून पण जातं. आतमध्ये एक जाड मोठी प्लास्टिकची पिशवी घालायची आणि सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून बंद करायचं, स्लीपिंग बॅग कोरडी राहते ती यानेच.

खिसे, कप्पे याच्यावर फार डोकं घालवू नका. दोनच गोष्टी बघा, सॅक न उतरवता बाजूची पाण्याची बाटली हाताने काढता आणि परत ठेवता येते का, आणि स्लीपिंग बॅगसाठी खाली वेगळी चेन आहे का, कारण भर पावसात टेंट लावताना वरून सगळं उपसत बसावं लागत नाही.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही, रिकामी प्रत्येक सॅक छानच बसते. आतमध्ये ८-१० किलो भरायला सांगा, लाजू नका, किंवा सरळ घरून आपलं सामान घेऊन जा. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घ्या, पहिला कमरेचा बेल्ट, मग खांद्याचे पट्टे खाली ओढून, मग खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, ते साधारण ४५ अंशात दिसले पाहिजेत, आणि शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडापेक्षा दोनतीन सेंटीमीटर खाली, श्वास मोकळा घेता येईल एवढाच आवळलेला. खांद्याचे पट्टे खांद्याला सगळीकडून टेकलेले हवेत, वर फट दिसली तर पाठीचं माप चुकलंय. मग वीस मिनिटं चाला, जिना चढा-उतरा, वाकून बुटाची लेस बांधा, मान वर करून बघा डोकं सॅकला आपटतंय का. कुठे टोचलं तर 'वापरून सवय होईल' हे दुकानदाराचं बोलणं मनावर घेऊ नका, दुसरी सॅक मागा. आणि ऑनलाइन घेत असाल तर टॅग न काढता घरातच पूर्ण भरून तासभर घालून फिरा, परत करायची मुदत संपायच्या आत.